अंगणातली चूल आणि शेतातला काडीकचरा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून जळणाविषयी बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, स्त्रीशिक्षण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीला मी एक शाळामास्तर तुराट्या, चिपाडे आणि भाताचे तूस घेऊन येऊन बसलो आहे. परंतु चालकांनी मला शेती आणि विज्ञान यांचा मेळ घालणारा विषय घ्यावा असे सांगितले, आणि वीस वर्षे विज्ञान शिकविल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, आपल्या भागात विज्ञानाची सर्वांत मोठी प्रयोगशाळा प्रत्येक घराच्या परसात आहे. ती रोज पहाटे पेटते. तिच्याकडे कोणी पाहत नाही, एवढेच.

मी बोलतो आहे आंघोळीचे पाणी तापविण्याच्या चुलीबद्दल.

थोड्या दिवसांपूर्वी मी नववीच्या मुलामुलींना एक घरपाठ दिला. आपल्या घरी कोणकोणत्या ठिकाणी अग्नी पेटतो, तो कोण पेटवितो आणि त्यात काय जळते, हे लिहून आणायचे. एका मुलीने प्रामाणिकपणे लिहिले, "आमच्या घरी गॅस आहे, चूल नाही." दुसऱ्या दिवशी ती वही परत मागायला आली. म्हणाली, "सर, मला उत्तर बदलायचे आहे. आजीने वाचले आणि म्हणाली, अगं, मग रोज पहाटे परसात मी काय पेटवते?"

या आजीबाईंनी एका वाक्यात जे सांगितले ते पुष्कळ अहवालांत सापडत नाही. १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेडोपाडी गॅसची शेगडी पोचली. हे मोठे काम झाले यात शंका नाही. चहा, भात, आमटी गॅसवर गेली. परंतु चूल घरातून गेली असे जे आपण समजतो ते अर्धेच खरे आहे. चूल स्वयंपाकघरातून उठली आणि अंगणात जाऊन बसली.

ती तेथे का बसली, याचे कारण अडाणीपणा नव्हे. ते साधे गणित आहे आणि आपल्या गृहिणींनी ते कागदावाचून केलेले आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. एका कुटुंबाला सकाळी ४० लिटर कढत पाणी लागते असे धरू. त्यात मागाहून गार पाणी मिसळून पाच जणांच्या आंघोळी होतात. हे पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे म्हणजे ४० गुणिले ४०, १,६०० किलोकॅलरी उष्णता पाण्यात उतरली पाहिजे. गॅसच्या शेगडीवरची निम्मी उष्णता पाण्याला मिळाली असे मानले तर रोज ३,२०० किलोकॅलरींचा गॅस जाळावा लागेल. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. म्हणजे १४.२ किलोंचे सिलिंडर केवळ आंघोळीच्या पाण्यासाठी सुमारे ४९ दिवसांत संपेल. स्वयंपाक निराळाच. ज्या घरात शेताच्या बांधावर काडीकचरा फुकट पडलेला आहे, त्या घरची बाई हा खर्च कशाला करील?

तेव्हा ही चूल राहणार आहे. तिला नावे ठेवून ती जाणार नाही. तिच्यात काय घालावे आणि ती कशी पेटवावी, हा आपल्यापुढील खरा प्रश्न आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडीपासून पलीकडे चंदगडपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात पावसाळा लांब असतो आणि पहाटे गारठा असतो. काकड आरतीला निघालेला असो की फजरच्या नमाजासाठी वजूला बसलेला असो, थंडीत प्रत्येकाचा हात कोमट पाणीच शोधतो. हे पाणी कोणीतरी आधी उठून, धुरात डोळे चोळीत तापविलेले असते.

त्या धुराची किंमत किती आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, घरातील लाकूड, शेणी, काडीकचरा, कोळसा आणि रॉकेल यांच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मेली. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक मुले होती. न्युमोनिया, दमा, हृदयविकार, मोतीबिंदू या सगळ्यांशी या धुराचा संबंध आहे. अंगणात वारा असतो म्हणून तेथला धूर स्वयंपाकघरापेक्षा बरा, हे मान्य. पण पावसाळ्यात तीच चूल पडवीत किंवा न्हाणीघरात येते, त्या वेळी हा बरेपणाही राहत नाही.

आता जळणाकडे वळतो. शेतात पीक निघाल्यावर जे उरते त्याला आपण सरसकट कचरा म्हणतो. हा शब्द मला मान्य नाही. शेतात उरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तिघांचा हक्क असतो आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. माझ्या मुलांना मी तो तीन शब्दांत पाठ करायला सांगितला आहे: आधी जनावर, मग जमीन, मग जाळ. जे जनावर खाते ते जाळू नये. जे जमीन खाते तेही जाळू नये. जे दोघांनाही उपयोगी नाही ते खुशाल चुलीत घालावे.

हा नियम लावून पाहू. ज्वारीचा कडबा आणि भाताची पिंजर जनावरांची. त्याविषयी वादच नाही.

उसाचे पाचट जमिनीचे. आपल्याकडे ऊस तुटला की पुष्कळ ठिकाणी पाचट पेटवून देण्याची रीत पडली आहे. एका हेक्टरात साधारण ८ ते १० टन पाचट पडते. त्यात अर्धा टक्का नत्र धरले, तरी हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र होते. पाचट पेटविले की हे नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते आणि नंतर तेच आपण युरियाच्या पोत्यातून विकत आणतो. पाचटाबरोबर सेंद्रिय कर्ब जातो, वरच्या थरातील जीवजंतू भाजतात, जमिनीची ओल उडते. खोडव्यात तेच पाचट सरीत पसरले तर तण दबते, पाण्याची पाळी लांबते आणि पावसाळ्यात ते कुजून खत होते. म्हणून पाचटाला चुलीत जागा नाही, आणि शेतात काडी लावण्याचे तर नावच काढू नये.

एवढे पाचट कुजविणे ज्याला कोणत्याही कारणाने जमत नाही, त्याच्यासाठी एक मधला मार्ग आहे. पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी तयार केली. त्या कामाला २००२ साली इंग्लंडमधील ॲशडेन पुरस्कार मिळाला. पिंपात पाचट कोंबून त्याला हवा न लागू देता बाहेरून तापवायचे, त्यातून निघणारा वायू त्याच भट्टीत जाळायचा आणि मागे राहिलेल्या कोळशाच्या भुकटीच्या खळ घालून कांड्या पाडायच्या, अशी ती रीत. वजनाने पाचटाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच कोळसा मिळतो, परंतु तो जवळजवळ बिनधुराचा जळतो. शेतात फुकट पेटविण्यापेक्षा हे शतपटीने चांगले. तरीही माझा क्रम मी बदलणार नाही. पहिला हक्क जमिनीचा.

शेणीचेही तसेच. शेणी जाळणे म्हणजे खत जाळणे. ज्याच्या दावणीला चार जनावरे आहेत त्याने गोबरगॅस बांधला तर त्याला जाळही मिळतो आणि खतही मिळते. दोन्ही हक्क सांभाळणारी अशी सोय दुसऱ्या कोणत्याही जळणात नाही.

मग चुलीच्या वाट्याला काय उरते? पुष्कळ उरते. तुराट्या घ्या. त्या टणक असतात, लवकर कुजत नाहीत, जनावर त्यांना तोंड लावीत नाही आणि जळतात मात्र खणखणीत. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या कपाशीच्या पऱ्हाट्या घ्या. उभ्या ठेवल्या तर त्यांवरील वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून त्या काढाव्याच लागतात. त्या घरी आणाव्यात आणि पुढच्या पेरणीच्या आत जाळून संपवाव्यात. मक्याची दाणे काढलेली कणसे, भुईमुगाची टरफले, ज्वारीची धसकटे ही सगळी जाळाची. गोव्याकडच्या आपल्या सभासदांच्या घरी नारळाच्या करवंट्या आणि सोडणे असतात, तीही याच रांगेत.

भाताचे तूस हा थोडा हट्टी पदार्थ आहे. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राखच होतो, कारण त्यात वाळूच्या जातीची सिलिका असते. ते कुजत नाही, जनावर खात नाही, आणि चुलीत ओतले तर जाळ दडपून टाकते. त्याला निराळी शेगडी लागते. आपल्या आजी-पणजींच्या वेळी भुशाची शेगडी होती ती काहींना आठवत असेल. डब्याच्या मधोमध दांडका उभा धरून भोवती लाकडाचा भुसा घट्ट ठोकायचा, दांडका अलगद काढून घ्यायचा आणि खालच्या भोकातून पेटवायचे. तासन् तास ती संथ जळत राही. तूस जाळण्याचे तत्त्वही तेच आहे. हवेला मधून वाट ठेवल्याशिवाय बारीक जळण जळत नाही.

येथून आपण अग्नीच्या स्वभावाकडे येतो. लाकूड किंवा काडी जळते म्हणजे काय होते? ती तापली की तिच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांशाहून अधिक भाग प्रथम वायूरूपाने बाहेर पडतो. तो वायू पेटला की त्याला आपण ज्वाळा म्हणतो. मागे राहतो तो निखारा, आणि तो निराळ्या रीतीने, ज्वाळेवाचून जळतो. लग्नाकार्यात देग चढविणाऱ्या भटारी मंडळींना हे पुस्तकावाचून ठाऊक असते. पाणी उकळवायचे तेव्हा ते खाली ज्वाळा मागतात, आणि बिर्याणीला दम द्यायचा तेव्हा ज्वाळा काढून झाकणावर निखारे ठेवतात. एकाच लाकडातील दोन अग्नी ते दोन कामांना वापरतात.

त्या वायूला पुरेशी हवा मिळाली नाही, किंवा तो पेटण्यापूर्वीच गार झाला, तर त्याचा धूर होतो. म्हणून माझ्या वर्गात फळ्यावर एक वाक्य कायम लिहिलेले असते: धूर म्हणजे न जळलेले जळण. चुलीतून जो धूर जातो तो केवळ डोळ्यांना त्रास देत नाही, तो आपण डोक्यावरून वाहून आणलेल्या मोळीचाच एक भाग आकाशात पाठवितो. धूर कमी करणे आणि जळण वाचविणे ही दोन कामे नव्हेत, एकच आहे.

यासाठी पहिली गोष्ट हवी ती म्हणजे सुकेपणा. हे आपल्या गुऱ्हाळांकडून शिकावे. उसाचा रस काहिलीत आटविण्यासाठी गुऱ्हाळवाला बाहेरचे जळण सहसा आणीत नाही. घाण्यातून निघालेली चिपाडेच तो चुलवाणात घालतो. पण घाण्यातून निघालेले चिपाड तो तसेच कधी घालीत नाही. आधी ते उन्हात पसरतो, वाळवितो, गंजी घालतो आणि मग चुलवाणापाशी आणतो. ताज्या चिपाडात निम्म्याच्या आसपास पाणी असते. आता हिशेब करू. पूर्ण सुक्या काडीकचऱ्यात किलोमागे सुमारे ४,००० किलोकॅलरी असतात. एका किलो जळणात ४० टक्के ओल असेल तर जळणारा पदार्थ ६०० ग्रॅमच उरला, त्याच्या २,४०० किलोकॅलरी. शिवाय आतल्या ४०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २५० खर्च झाल्या. हाती आल्या २,१५०. तेच जळण उन्हात वाळवून १२ टक्के ओलीवर आणले तर त्याच्या एका किलोतून हाती सुमारे ३,४५० येतात. किलोला किलो तोलून पाहिले तर सुके जळण ओल्यापेक्षा १,३०० किलोकॅलरी अधिक देते. शिवाय ओले जळण ज्वाळेला थंड करते आणि धूर वाढविते, तो तोटा निराळा.

म्हणून जळण मृगाच्या आधी घरात आले पाहिजे, आणि नुसते घरात नव्हे, जमिनीपासून वीतभर उंच माचावर, छपराखाली. श्रावणात भिजलेल्या तुराटीशी झगडणाऱ्या बाईला निर्धूर चुलीवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. तिला आधी चार पत्र्यांचे छप्पर द्यावे.

दुसरी गोष्ट वारा, आणि तिसरी धुराडे. आपल्या घरांतला तांब्याचा बंब या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली जाळी आणि वर धूर जायची वाट. जाळाच्या चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे उष्णता वाया जायला जागाच थोडी. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर हंडा ठेवला तर जळणातील १० ते १५ टक्केच उष्णता पाण्याला मिळते. बाकीची अंगणाला मिळते. ज्याने बंब घडविला त्या तांबटाला आपण शास्त्रज्ञ म्हटले नाही, परंतु त्याचे काम शास्त्रशुद्ध होते. आज पुष्कळ घरांत तो बंब माळ्यावर किंवा दिवाणखान्यात शोभेला आहे आणि परसात तीन दगड आहेत.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, निर्धूर चुली आल्या आणि गेल्या. खरे आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी मगन चूल केली. हैदराबादेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीवर परिश्रम घेतले. १९८० नंतरच्या दशकात सरकारने निर्धूर चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला आणि लक्षावधी चुली बसविल्या. त्यांपैकी पुष्कळ थोड्या वर्षांत मोडल्या. त्यांचे शास्त्र चुकीचे नव्हते. धुराड्यात काजळी साठली ती कोणी काढली नाही. चुलीचे तोंड फुटले ते कोणी लिंपले नाही. ज्या बाईला ती वापरायची होती तिच्या भांड्यांचे माप कोणी घेतले नाही. चूल बसविणारा निघून गेला आणि दुरुस्तीला माणूस उरला नाही. संस्था चालविणाऱ्या आपणा सर्वांना हा धडा नवा नाही. उद्घाटनाला माणसे मिळतात, देखभालीला मिळत नाहीत.

आता एक व्यवहाराचा मुद्दा सांगतो. काडीकचऱ्याचा मोठा दोष असा की, तो जागा फार खातो. मोकळ्या काडीकचऱ्याने गाडी शिगोशीग भरली तरी वजन नसते, आपण बहुतांशी हवाच वाहून नेतो. म्हणून यंत्रात दाबून त्याच्या कांड्या किंवा गोळ्या करतात. त्यांना ब्रिकेट आणि पेलेट म्हणतात. त्या सुक्या असतात, सारख्या मापाच्या असतात आणि साठवायला सोप्या. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये धोरण ठरवून औष्णिक वीजकेंद्रांना कोळशाबरोबर ५ टक्के असे जळण वापरण्यास सांगितले. म्हणजे ज्याला आपण कचरा म्हणत होतो त्याला गिऱ्हाईक आले. ही गोष्ट चांगली आहे, पण सावधपणाचीही आहे. व्यापारी पाचटालाही भाव देईल. त्या दिवशी शेतकऱ्याने ते तीन शब्द आठवावेत. जमिनीचा घास विकून आलेले पैसे पुढे खताच्या दुकानातच जातात.

थंड देशांत या जळणाचा उपयोग घरे उबदार ठेवण्यासाठी होतो, आणि तेथली एक रीत आपल्याला घेण्यासारखी आहे. डेन्मार्कमध्ये साम्सो नावाचे बेट आहे. १९९७ साली त्या देशाने अक्षय ऊर्जेच्या प्रयोगासाठी त्याची निवड केली. तेथे धान्याच्या काडाचे गठ्ठे जाळून चालणारी उष्णताकेंद्रे आहेत. केंद्रात पाणी तापते आणि जमिनीखालच्या नळांतून घरोघर फिरते. घरटी धुरकट शेगडी पेटविण्याऐवजी गावाचा एकच मोठा अग्नी, एका जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. मोठ्या भट्टीत हवा मोजून देता येते, धूर पुरता जाळता येतो आणि राखही एका ठिकाणी मिळते. आपल्याकडे घराघरांत नळ फिरविण्याची गरज नाही. परंतु जेथे पुष्कळ माणसे एकत्र राहतात तेथे हे तत्त्व आजच लागू पडते.

असे एक ठिकाण आपल्या संस्थेच्याच आवारात आहे. आपल्या वसतिगृहाच्या मागच्या बाजूला पहाटे चारला मावशी चूल पेटवितात. दगडी चूल, वर मोठी पातेली, आणि पावसाळ्यात डोक्यावर गळके छप्पर. साठ मुले न्हाऊन सात वाजता वर्गात बसतात. ती स्वच्छ दिसतात याचे श्रेय आपण शिस्तीला देतो. मावशींचा खोकला मात्र कोणाच्या हिशेबात येत नाही.

तो हिशेब मी आज मांडतो. ६० मुलांना प्रत्येकी १५ लिटर, म्हणजे ९०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचे. २२,५०० किलोकॅलरी झाल्या. सुक्या जळणात किलोमागे ३,५०० धरल्या आणि उघड्या चुलीत त्यांतला आठवाच हिस्सा पाण्यात उतरला, तर रोज सुमारे ५१ किलो जळण लागेल. जाळी, धुराडे आणि भोवती पाण्याचे आवरण असलेल्या चांगल्या बांधणीच्या बंबात निम्मी उष्णता पाण्यात उतरली, तर १३ किलो पुरेल. दिवसाला ३८ किलोंची बचत. वर्षातले १५० दिवस धरले तर साडेपाच टनांहून अधिक जळण वाचते, आणि तितक्या प्रमाणात मावशींच्या छातीत जाणारा धूरही.

कोणी विचारील, छपरावर सूर्यबंब का बसवीत नाही? जरूर बसवावा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सूर्यासारखा स्वस्त जळणवाला नाही. पण आपल्या भागात आषाढ-श्रावणात तो रजेवर असतो, आणि नेमके तेव्हाच गरम पाणी हवे असते. म्हणून कोरड्या दिवसांत सूर्य आणि पावसाळ्यात तुराटी, अशी जोडी हवी.

महोत्सवी निधीतून प्रवेशद्वारी कमान उभारावी असा विचार विश्वस्तांपुढे आहे, असे मी ऐकतो. कमानीला माझा विरोध नाही. परंतु तिच्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात अशी माझी नम्र सूचना आहे. एक, धुराड्याचा मोठा बंब. दोन, जळणासाठी पक्के छप्पर आणि माच. तीन, दर पंधरवड्याला धुराड्यातली काजळी काढण्याचे आणि जाळी तपासण्याचे काम ज्याच्या नावावर लिहिलेले असेल असा एक पगारी माणूस. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन करू नयेत. जळण आपल्याच सभासदांच्या शेतातून येऊ शकेल. ज्याच्याकडे तुराट्या, पऱ्हाट्या आहेत त्याने मृगाआधी एक गाडी संस्थेला द्यावी, आणि राख त्याने परत न्यावी. तीत पालाश असते, ते शेतातून आले आहे, शेतात जावे. मोजमापाचे काम माझे नववीचे विद्यार्थी करतील. जळण तोलायचे, पाण्याचे अंश पाहायचे आणि वहीत लिहायचे. वर्षअखेर तो तक्ता आपणांपुढे ठेवू, मग आकडे माझे खरे की खोटे ते आपणच ठरवा.

घरी जाणाऱ्या भगिनींना आणि बंधूंना चार सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. बंब पेटविण्यासाठी प्लास्टिकची पिशवी, रबर किंवा जुन्या टायरचा तुकडा घालू नये. त्या धुरात विषारी द्रव्ये असतात. काजूच्या कच्च्या टरफलात दाहक तेल असते, त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, ती घरगुती चुलीत घालू नयेत. बंद न्हाणीघरात बंब पेटता ठेवू नये, आणि बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपू नये. धूर नाही म्हणजे धोका नाही असे नसते. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असते तेथे एक खिडकी उघडी राहिलीच पाहिजे. आणि शेवटची गोष्ट पुरुषमंडळींसाठी. आठवड्यातून एक दिवस पहाटे उठून ती चूल आपण पेटवावी. जळण सुके का हवे आणि धुराडे का हवे, हे माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा त्या अर्ध्या तासात अधिक समजेल.

आपल्या संस्थेने पन्नास वर्षांत अनेक घरांत ज्ञानाचा दिवा लावला असे या व्यासपीठावर अनेकांनी म्हटले, आणि ते यथार्थ आहे. दिवा लावताना वात कोरडी आहे का आणि तेल पुरेसे आहे का हे आपण पाहिले, म्हणूनच तो टिकला. परसातल्या अग्नीलाही तेवढीच आस्था लाभावी, इतकीच माझी विनंती आहे.  विश्वस्त मंडळींनी वेळ काढून उद्या पहाटे चारला वसतिगृहाच्या मागे यावे. मावशींना मी तसे सांगून ठेवले आहे.